पूर्वज वेलींच्या गावात: बरोसा व्हॅलीतले चार दिवस

माल उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत बागेला महिनाभर विसावा असतो. आम्हा निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना घराबाहेर पडायला वर्षात तेवढीच सवड. यंदा आमची बाग सप्टेंबरअखेरीस छाटलेली होती, त्यामुळे फेब्रुवारीतच शेवटची गाडी भरून गेली आणि मार्चच्या मध्याला मी आप्पांना घेऊन ॲडलेडला ताईकडे आलो. समुद्र, कांगारू, सिडनीचा पूल असं सगळं ताईने विचारून पाहिलं. आप्पांचं एकच म्हणणं होतं, "तिकडच्या बागा दाखव." आप्पा माळकरी आहेत, गळ्यात तुळशीची माळ, वाईनला ते हातही लावणार नाहीत. पण त्यांची चाळीस वर्षं द्राक्षात गेली. वेल कशी जपतात ते त्यांना पाहायचं होतं.

विमानात एक कार्ड भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, गेल्या तीस दिवसांत शेतावर गेला होतात का? आम्ही "हो" लिहिलं. विमानतळावर आमचे बूट तपासले. आप्पांच्या बुटांच्या खाचेत आमच्या रानातली काळी माती होती. अधिकारी बाईंनी बूट आत नेले, घासून धुऊन परत दिले. आप्पांना याचं अजिबात वाईट वाटलं नाही. एवढी तपासणी कशासाठी, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिला दिवस, गुरुवार

ॲडलेडहून बरोसा या द्राक्षांच्या खोऱ्यातलं टनुंडा गाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, तासाभराची वाट. दाजी गाडी चालवणार म्हणून त्यांनी चारही दिवस वाईनला शिवायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. इकडे रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०५ आहे आणि पोलीस कुठेही गाडी थांबवून तपासतात. चाखायचं काम ताईकडे आणि माझ्याकडे आलं.

आम्ही सरळ न जाता विल्यम्सटाऊनवरून गेलो. तिथे बरोसा जलाशयाची भिंत आहे, १९०३ साली पुरी झालेली. भिंत कमानीसारखी वळलेली असल्यामुळे एका टोकाला कुजबुजलेलं शंभर मीटरहून लांब दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतं. ताई पलीकडून "आप्पा, ऐकू येतंय का?" म्हणाली आणि आप्पांनी इकडून "रामकृष्ण हरी" म्हटलं. पंधरा मिनिटं थांबून पुढे निघालो.

लिंडॉक मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या. टेकड्या उन्हाने पार पिवळ्या पडलेल्या, त्यात हिरव्या ओळी. आप्पा काचेला नाक लावून बसले होते. "मांडव कुठंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आपल्याकडे वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर चढवलेली बाग, खाली माणूस उभा राहील एवढी उंच. इथे खोड कंबरेएवढं, त्यावर दोन आडव्या फांद्या (ओलांडे), एक-दोन तारा, संपलं. काही जुन्या बागांत तारही नाही, वेल झुडपासारखी आपल्या पायावर उभी. खाण्याच्या द्राक्षाला लांबट, टपोरा, डाग नसलेला मणी लागतो, म्हणून आपला सगळा खटाटोप: विरळणी, घड द्रावणात बुडवणं (डिपिंग), घडाला कागद. वाईनच्या द्राक्षाला मणी जितका लहान तितका बरा, कारण रंग आणि चव सालीत असते.

टनुंड्याच्या कडेला बेथनी नावाचं छोटं गाव आहे. बरोसातली जर्मन वस्ती १८४२ साली इथून सुरू झाली. प्रशियाच्या राजाने आपल्या मनाप्रमाणे उपासना करायला सांगितली, ती ज्यांना मान्य नव्हती असे सायलेशिया प्रांतातले जुन्या लुथरन ख्रिस्ती पंथाचे शेतकरी बोटीने इथे आले. जॉर्ज फाइफ अँगस या इंग्रज धनिकाने त्यांना मदत केली आणि पुढे जमीनही दिली. गावाची आखणी अजून तशीच आहे: रस्त्याला लागून घर आणि घरामागे ओढ्यापर्यंत गेलेली लांब, अरुंद पट्टी. आप्पा म्हणाले, "आपल्या गावठाणामागचे पट्टे असेच." खरंच तसेच. पाणी सगळ्यांच्या वाट्याला यावं म्हणून केलेली ती वाटणी.

संध्याकाळी मेंगलर हिलवरून सगळं खोरं पाहिलं. हे पेरामंक, नगादजुरी आणि काउर्ना या आदिवासी लोकांचं मूळ रान. त्यांच्या हजारो वर्षांपुढे हे द्राक्ष कालचंच. बरोसा हे नाव कर्नल विल्यम लाइटने १८३७ साली दिलं. स्पेनमधल्या ज्या बारोसाच्या लढाईत तो होता तिच्यावरून. लिहिताना अक्षर चुकलं आणि चुकलेलंच राहिलं.

रात्री तीनच्या सुमारास मला जाग आली तर आप्पा खिडकीशी उभे. समोरच्या बागेत दिव्यांचा झोत फिरत होता. काढणीचं यंत्र होतं. ओळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून चालतं, वेल हलवतं, मणी खाली पट्ट्यावर पडतात आणि शेजारच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातात. दिवसाच्या उन्हात माल तापू नये म्हणून हे रात्री. आप्पा पहाटेपर्यंत बसून राहिले. "तीस बाया लागतात आपल्याला एवढ्या कामाला," एवढंच म्हणाले.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी लँगमाइल ही वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना. ज्यासाठी आलो होतो ती बाग इथे आहे. ख्रिस्टियन ऑरिश्ट नावाच्या लोहाराने १८४३ साली लावलेली शिराझ, वाईनच्या काळ्या द्राक्षाची जात. साडेतीन एकरांचा तुकडा. जगात आजही फळ देणाऱ्या शिराझच्या सर्वांत जुन्या बागांमध्ये तिची गणना होते. छळातून सुटून आलेल्या माणसाने लावलेली, म्हणून तिच्या वाईनचं नाव "फ्रीडम". वायनरी मध्ये बंद पडून मोडकळीला आली होती. १९९६ साली लिंडनर कुटुंबाने मित्रासोबत ती पुन्हा उभी केली, आज ती त्यांचीच आहे.

बागेकडे नेणाऱ्या मुलीने आधी विचारलं, इतक्यात दुसऱ्या कुठल्या बागेत गेला होतात का? आम्ही सांगितलं, आमची स्वतःचीच बाग आहे, भारतात, वीस दिवसांपूर्वीपर्यंत त्यातच होतो. ती हसली, पण म्हणाली की मग ओळीत जाता येणार नाही, कडेला उभं राहून पाहा. मला क्षणभर राग आला. साडेपाच-सहा हजार मैलांवरून आलेल्या माणसाला कुंपणाशी थांबवायचं? आप्पांनी माझा हात दाबला. "त्यांचं बरोबर आहे. मी असतो तर फाटकही उघडलं नसतं."

कारण असं. फायलोक्सेरा नावाची बारीक किड असते, मावा असतो ना त्याच्या जातीची. मुळांतला रस शोषते आणि वेल वाळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिने युरोपातल्या बागा झोपवल्या. तिकडे तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम केल्याशिवाय सहसा बाग लावत नाहीत. ऑस्ट्रेलियात ती १८७७ साली व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ सापडली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने मग बाहेरची वेल, काडी, माती आत येऊ द्यायची नाही असं ठरवलं, १८९९ साली त्यासाठी खास कायदा केला, आणि आजपर्यंत हा प्रांत त्या किडीपासून मुक्त आहे. बुटाच्या खाचेतल्या मातीतूनही ती येऊ शकते. म्हणून विमानतळावर बूट धुतले, म्हणून बागेच्या तोंडाशी पाट्या. इथल्या जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. आपण डॉगरिज खुंट वापरतो तो क्षारपड पाण्यासाठी, दुष्काळासाठी. इथे तो विषयच नाही: १८४३ साली काडी मातीत खोचली, तिचीच मुळं आज पाणी शोधतायत.

कुंपणापासून पहिली वेल हातभर अंतरावर होती. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. खोड माझ्या मांडीएवढं जाड, पिळा घातलेल्या ओल्या धोतरासारखं. मधोमध पोकळ, इतकं की पलीकडचा उजेड दिसत होता. एका बाजूची साल पूर्ण मेलेली, करडी, लाकूड उघडं पडलेलं. दुसऱ्या बाजूने चार बोटांएवढी पट्टी जिवंत, आणि त्या पट्टीच्या जोरावर वर हिरवीगार पानं. माल आठवड्यापूर्वी उतरलेला, हाताने तोडलेला. एक वांझ घड तेवढा मागे राहिला होता. आप्पा खाली बसले, खोडाच्या उंचीला डोळे आणले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलीला विचारायला मला सांगितलं, "पाणी किती देतात?" ती म्हणाली, पावसाचं. हिवाळ्यात पडतो तेवढाच. "आणि माल?" आमच्या एकरी आठ-दहा टनांपुढे अगदीच थोडा.

"तरी ठेवलीय," आप्पा म्हणाले.

आमच्या घरची गोष्ट इथे सांगायला हवी. आप्पांनी १९८४ साली स्वतःच्या हाताने थॉमसन जातीच्या द्राक्षाची पहिली बाग लावली. खड्डे त्यांनी खोदले, रोपांना पाणी आईने हंड्याने घातलं, कारण विहिरीला मोटार नव्हती. त्याच बागेवर ताईचं लग्न झालं, माझं कॉलेज झालं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला, बाग फुलोऱ्यात होती, डाऊनी या बुरशीच्या रोगाने घड गळून गेले. त्याआधीच्या वर्षी एका व्यापाऱ्याने पैसे बुडवले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात आप्पांनी ट्रॅक्टर लावून ती बाग काढली. नवीन बाग डॉगरिजवर लावली, ती चांगली आहे. पण काढलेल्या खोडांचा ढीग वर्षभर बांधावर पडून होता. सरपणाला सुद्धा त्यांनी तो कुणाला नेऊ दिला नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला टेकून एक वेल मात्र राहून गेली. मिलीबग किडीचं घर होईल, काढून टाकू, असं मी दर वर्षी म्हणतो आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

लँगमाइलला नदीकाठी आणखी एक तुकडा आहे, "ऑर्फन बँक". गावाजवळच्या एका जमिनीवर घरं होणार होती आणि तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या वेली यंत्राखाली जाणार होत्या. या लोकांनी त्या मुळांसकट उचलल्या आणि नॉर्थ पॅरा नदीच्या काठावर ओळीने परत लावल्या. अनाथ वेलींचा काठ. आप्पांनी याचं भाषांतर माझ्याकडून दोनदा करून घेतलं. एवढं जुनं झाड उचलून दुसरीकडे जगतं यावर त्यांचा विश्वास बसेना. बऱ्याचशा जगल्या, ती मुलगी म्हणाली.

दुपारी जवळच टर्की फ्लॅट वायनरी. १८४७ च्या वेली आणि शुल्झ कुटुंब. त्यांच्या आधीच्या पिढ्या खाटिक होत्या. चाखायची खोली म्हणजे तेच जुनं दगडी दुकान. ताईला इथली गुलाबी वाईन आवडली. मला शिराझ.

मग रॉकफर्ड. रॉबर्ट ओ'कॅलहन यांनी १९८४ साली सुरू केलेली वायनरी, योगायोगाने आमच्या बागेचंच वर्ष. हंगाम चालू होता. अंगणात द्राक्षाचे क्रेट, जुनी लोखंडी यंत्रं धडधडत होती, उघड्या हौदांत रस फसफसत होता. लाकडी पट्ट्यांचा गोल पिंजरा, त्यात आंबलेला चोथा भरायचा आणि वरून हळूहळू दाबायचं, रस फटींतून झिरपतो. या पिंजऱ्याच्या नावानेच त्यांची "बास्केट प्रेस" शिराझ ओळखली जाते. तिथल्या माणसाने आप्पांना एक घड दिला. काळाभोर, मणी जोंधळी बोराहूनही लहान, साल जाड, आत बी. आप्पांनी मणी चावला, डोळे मिटले. "पंचवीसच्या वर साखर आहे." मी विचारून घेतलं. पंचवीसच निघाली. आपण अठराला काढणी करतो.

संध्याकाळी जेवताना दाजींनी सांगितलेली गोष्ट आप्पांना फार लागली. १९७० च्या दशकाच्या शेवटी इथे द्राक्षं उदंड झाली, भाव कोसळले. पीटर लेहमन एका मोठ्या वायनरीत काम करत होते. दर वर्षी शेतकऱ्यांशी हातावर हात मारून माल घ्यायचा शब्द देत. मग कंपनीने माल घ्यायचा नाही असं कळवलं. लेहमननी शब्द मोडायला नकार दिला. भांडवल जमवलं, शेतकऱ्यांचा माल घेण्याची वेगळी सोय केली आणि १९८० साली स्वतःची वायनरी काढली. हंगामात ते वजनकाट्याशी बसत आणि माल घेऊन आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याशी बोलत. २०१३ साली ते गेले. तरीही १९८५ नंतर सरकारने वेली उपटायला पैसे दिलेच, आणि शंभरी गाठलेल्या कितीतरी बागा त्यात गेल्या. आप्पांनी ताट बाजूला सारलं. "मी खड्डे खोदत होतो तेव्हा हे उपटत होते." पुढे म्हणाले, "त्या काट्यावरच्या माणसासारखा एक जरी आपल्या तालुक्यात असता."

तिसरा दिवस, शनिवार

शनिवारी सकाळी अँगस्टनला शेतकरी बाजार भरतो. लोणच्याच्या काकड्या, मध, ऑलिव्ह, आणि जर्मन पद्धतीचा केक: खाली पावासारखा, वर साखर-लोण्याचा भुरभुरीत चुरा. अंडं आहे का विचारलं, आहे म्हणाले, म्हणून आप्पांनी फक्त द्राक्षं घेतली. बिनबियांची, खायची. त्यांची चव बघून मान हलवली. आपली चांगली आहेत.

यालुंबा वायनरी अँगस्टनच्या कडेला आहे. निळसर संगमरवरी इमारत, वर घड्याळाचा मनोरा. सॅम्युअल स्मिथ हा इंग्लंडातल्या डॉर्सेटचा बिअर बनवणारा, १८४९ साली त्याने तीस एकर घेतले. दिवसा दुसऱ्याकडे काम करायचं आणि रात्री मुलाला घेऊन चांदण्यात वेली लावायच्या. पुढे व्हिक्टोरियात सोनं सापडलं तेव्हा तो तिकडे गेला, तीनशे पौंड कमावून आला आणि ते शेतीत घातले. तीच वायनरी आज त्याच्याच वंशाकडे, हिल-स्मिथ कुटुंबाकडे आहे. कुटुंबाच्या मालकीची ऑस्ट्रेलियातली सर्वांत जुनी.

इथे त्यांचा स्वतःचा पिंपांचा कारखाना आहे. आम्ही पोचलो तेव्हा एक माणूस पिंप भाजत होता. ओकच्या फळ्या एका टोकाला कड्यात बसवलेल्या, दुसरं टोक फुलासारखं उघडं, आत लहानशी शेगडी. लाकूड तापलं की फळ्या वाकतात, मग दुसरं कडं हातोड्याने ठोकत खाली सरकवायचं. खिळा नाही, गोंद नाही. भाजलेल्या लाकडाचा वास, आपल्या खव्याच्या भट्टीचा येतो ना, साधारण तसा.

मला मात्र दुसऱ्याच गोष्टीत रस होता. पावणेदोनशे वर्षं जमीन फुटली कशी नाही? आमचे आजोबा गेले तेव्हा अकरा एकर होते, चार भावांत पावणेतीन-पावणेतीन आले. माझ्या आणि भावाच्या वाट्याला उद्या त्याचं निम्मं. इथेही वारस वाढले, भागीदार वाढले. १९८९ साली रॉबर्ट हिल-स्मिथ आणि त्यांच्या भावाने बाकीच्या नातलगांचे हिस्से विकत घेतले आणि कारभार एका घराकडे ठेवला. सोपं नसणार ते. कर्ज झालं असेल, बोलणी झाली असतील. पण जमीन आणि वेली जागच्या जागी राहिल्या. २००९ साली अशा बारा जुन्या घराण्यांनी एकत्र येऊन मंडळ काढलं, त्यात यालुंबा आणि दुपारी पाहिलेली हेन्श्की वायनरी दोघेही होते. त्याच वर्षी बरोसाने जुन्या वेलींची सनद केली. पस्तीस वर्षांवरची वेल "ओल्ड", सत्तरवरची "सर्व्हायव्हर", शंभरवरची "सेंटेनेरियन" आणि सव्वाशेवरची "ॲन्सेस्टर", म्हणजे पूर्वज. वय नोंदलं की वेल उपटताना माणूस दहा वेळा विचार करतो.

आप्पांनी बोटावर हिशेब केला. "आपली ती पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी गेली. अजून दहा वर्षं थांबलो असतो तर 'ओल्ड' तरी झाली असती." मी काय बोलणार? त्या वर्षी थांबायला घरात पैसेच नव्हते.

दुपारी ईडन व्हॅलीकडे चढलो. हवा गार, माळावर म्हातारे निलगिरी. काइनटन गावात हेन्श्की वायनरी. योहान ख्रिस्टियन हेन्श्की १८४१ साली सायलेशियातून आला, १८६८ पासून त्यांची वाईन. आज स्टीफन वाईन करतात, त्यांच्या पत्नी प्रू बाग बघतात आणि सहावी पिढी हाताशी आली आहे. तिथून चार किलोमीटरवर ग्नाडेनबर्ग चर्च, आणि चर्चसमोर "हिल ऑफ ग्रेस". ग्नाडेनबर्गचा अर्थच तो, कृपेची टेकडी. १८६० च्या सुमारास लावलेल्या तिथल्या वेलींना घरची माणसं "ग्रँडफादर्स" म्हणतात, आजोबा. १९५८ साली सिरिल हेन्श्कींनी या एका बागेची वाईन वेगळी बाटलीत भरली. त्या एका बाटलीला आपले हजारो रुपये पडतात.

आम्ही रस्त्यावरच थांबलो. आत जायचं मनातही आणलं नाही. वेलींखाली पेंढ्याचं आच्छादन, ओळींमध्ये गवत राखलेलं. "आपण पाचट टाकतो तसंच," आप्पा म्हणाले. जुन्या वेलींतल्या निवडक झाडांच्या काड्या घेऊन प्रूंनी रोपं केली आणि मेलेल्यांच्या जागी तीच लावली. म्हणजे आजोबांच्या जागी आजोबांचंच रक्त. शिराझचा हा तुकडा सारा दहा एकरांचा. "आमच्या चौघा भावांची मिळून एवढीच होती रे," आप्पा कुंपणाच्या तारेला हात न लावता बोलले.

२०११ साली इथे काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, बुरशी आली. त्या साली हिल ऑफ ग्रेस निघालीच नाही. नावाला साजेशी झाली नाही, म्हणून एक अख्खं वर्ष सोडून दिलं. अवकाळीत बाग गेली की कसं वाटतं ते आम्हाला ठाऊक आहे. पण ज्याच्याकडे आधीच्या दहा वर्षांची वाईन तळघरात आहे त्याला एक वर्ष सोडता येतं. आमचा मणी पिकला की आठ-पंधरा दिवसांत जायलाच हवा, आणि ते व्यापाऱ्यालाही माहीत असतं. शिवाराच्या दरातला आणि बाटलीच्या दरातला सगळा फरक तिथे आहे. नाशिकला वाईन आली, सुला वायनरी येऊन पाव शतक झालं, आमच्याकडचे काही जण वाईनची द्राक्षं करारावर लावतात. पण स्वतःच्या बागेची, स्वतःच्या नावाची बाटली काढणारं शेतकऱ्याचं घर अजून विरळाच. ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

चौथा दिवस, रविवार

परतीच्या वाटेवर सेपल्ट्सफील्ड ही सेपल्ट घराण्याने उभारलेली वायनरी. वाटेत मरनांगा लागतं. त्याचं जुनं नाव ग्नाडेनफ्राय. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली, १९१७ च्या कायद्याने ६९ गावं-डोंगरांची नावं बदलली. कैसरस्टूल डोंगराचा माउंट किचनर झाला. काही नावं १९७५ साली परत आली, काही आलीच नाहीत.

रस्त्याच्या दुतर्फा मैलोगणती ताडासारखे खजूर आहेत. १९३० च्या मंदीत वाईन खपेना, तेव्हा सेपल्ट घराण्याने कामगारांना घरी न पाठवता ही झाडं लावायचं काम दिलं. टेकडीवर त्या घराण्याची समाधी आहे, ग्रीक देवळासारखी. वायनरी १९८० च्या दशकात घराण्याच्या हातून गेली, आज मालक वेगळे आहेत. समाधी मात्र वरून सगळी बाग पाहत उभी आहे.

योसेफ सेपल्टने १८५१ साली हे सुरू केलं. त्याचा मुलगा बेनो याने १८७८ साली गोड वाईनचं एक पिंप बाजूला काढलं आणि शंभर वर्षं उघडायचं नाही असं सांगून ठेवलं. तेव्हापासून दर वर्षीचं पिंप ठेवलं जातं, एकही वर्ष चुकलेलं नाही. ज्याला त्याला आपल्या जन्मवर्षाच्या पिंपातली वाईन चाखता येते. दाखल्यावर आप्पांची तारीख १ जून १९५४ आहे. ताईने आधीच पैसे भरून ठेवले होते. अंधाऱ्या, थंड माडीवर ओळीने पिंपं, प्रत्येकावर साल. १९५४ पाशी मार्गदर्शकाने काचेच्या नळीने थोडी वाईन काढली. काकवीसारखी दाट, काळपट. आप्पा पिणार नाहीत हे ताईने सांगितलं. त्यांनी पेला नुसता नाकाशी नेला.

"बेदाणा," ते म्हणाले. "तासगावचा. शेडवरचा, वाळत आलेला."

मी आणि ताईने अर्धा-अर्धा घोट घेतला. बेदाणाच. आणि मागे जळक्या गुळासारखं काहीतरी, बराच वेळ जिभेवर राहणारं.

गॉलर येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मग आप्पांनी माझा फोन मागितला आणि घरी भावाला लावायला सांगितलं. तिकडे सकाळचे आठ-साडेआठ झाले होते. छाटणीचे मजूर ठरले का, छाटणीनंतर लावायच्या पेस्टचं सामान आणलं का, सगळं विचारून झालं.

"आणि मोटारीजवळच्या झाडाला पाणी सोड. दहा-बारा दिवस झाले असतील."

भाऊ काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही.

"नाही, काढायचं नाही. त्याला कात्री मीच लावीन, आल्यावर."

ताईने मागे वळून विचारलं, कुठलं झाड आप्पा?

"चौऱ्याऐंशीची वेल," आप्पा म्हणाले.